खुराड्याची वरची फट

खान्देशातली घरं उन्हाचा धाक मनात धरून बांधलेली आहेत. धाब्याच्या जाड मातीखाली मे महिन्यातली दुपार निघते, ओट्यावर सावली टिकेल अशी दारं काढलेली असतात, आणि जळगाव-भुसावळचं नाव घेतलं की समोरचा माणूस आधी ४५ अंशांची गोष्ट काढतो. त्यामुळे इथला हिवाळा दरवर्षी बेसावध गाठतो. पौषात दुपारी ३ वाजता वावरात २८-३० अंश असतात, अंगातला सदरा नकोसा होतो. त्याच बांधावर पहाटे ५ ला ९-१० अंश. काही वर्षी धुळ्याचा पारा ५-६ पर्यंत उतरतो. वर सातपुड्यात, तोरणमाळला किंवा अक्कलकुव्याच्या डाबकडे, एखाद्या पहाटे गवतावरचं दवसुद्धा गोठलेलं सापडतं.

पहिल्या कडक हिवाच्या रात्री परसातल्या खुराड्याचं काय होतं, ते गावोगाव सारखंच दिसतं. खताच्या रिकाम्या गोण्या, जुनी ताडपत्री, कांदा झाकायला आणलेलं प्लास्टिक, जे हाताला लागेल ते चारी बाजूंनी गुंडाळलं जातं. उरलेल्या फटी चिंध्यांचे बोळे कोंबून बुजवतात, आणि वरून एखादी फाटकी गोधडी. यामागची माया खरी असते. पण दहा-पंधरा दिवसांत कोंबड्या शिंकू लागतात, डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस येतो, रात्री घशातून घरघर ऐकू येते, आणि घरात म्हणतात, 'हिव लागलं.' बहुतेक वेळा हिव लागलेलं नसतं. कोंबडी कोंडलेल्या हवेनं आजारी पडलेली असते.

कोंबडीच्या अंगाचं तापमान सुमारे ४१ अंश असतं, माणसापेक्षा चारेक अंशांनी जास्त. ही ऊब धरून ठेवायला तिच्याकडे पिसं आहेत. ती फुलवली की त्यांच्या आत हवेचा थर अडकतो आणि तोच तिची गोधडी होतो. थंडीत गोळा होऊन बसलेली, मान पंखात खुपसलेली कोंबडी आजारीच असते असं नाही. ती आपली गोधडी नीट पांघरून बसलेली असते. पूर्ण पिसं आलेल्या, पोट भरलेल्या, कोरड्या कोंबडीला ८-१० अंशांची रात्र सहज सोसते. यातला 'कोरडी' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. पिसं ओली झाली की एकमेकांना चिकटतात, आतला हवेचा थर जातो, आणि मग १५ अंशांतसुद्धा ती कुडकुडते.

आता बंद खुराड्यात ओल येते कुठून ते पाहू. एक मोठी कोंबडी दिवसाकाठी १०० ते १२० ग्रॅम विष्ठा टाकते आणि तिचा तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. पौषात कोंबड्या संध्याकाळी सहाला आत जातात ते सकाळी सातच्या सुमारास बाहेर येतात, म्हणजे तेरा तास. दहा कोंबड्या धरल्या तर तेवढ्या वेळात अर्धा किलोच्या आसपास विष्ठा, तिच्यातलं साडेतीनशे-चारशे मिलीलिटर पाणी, आणि शिवाय दहा जणींच्या श्वासातली वाफ. हे सगळं प्लास्टिकच्या आत. पहाटे प्लास्टिकच्या आतल्या बाजूला हात लावून पाहा, बोटं ओली होतील. तीच ओल गादीत, म्हणजे खाली अंथरलेल्या भुश्यात, उतरते, गादीतली विष्ठा कुजते आणि अमोनिया सुटतो. तो श्वासनळीतली बारीक लव निकामी करतो. धूळ आणि जंतू बाहेर लोटण्याचं काम ही लव करते. ती गेली की सर्दीच्या जंतूंना दार मोकळं. सीआरडी म्हणून जी जुनाट सर्दी परसातल्या कळपात महिनोन् महिने रेंगाळते, तिचे जंतू बऱ्याच कळपांत आधीपासून असतात. त्यांना बळ मिळतं ते या कुबट हवेतून.

तपासायची रीत सोपी आहे. सकाळी दार उघडण्याआधी खाली वाकून, कोंबडी बसते त्या उंचीवर नाक न्यायचं. उभ्या माणसाच्या नाकाला वास येत नाही आणि खाली डोळे चुरचुरतात, असं पुष्कळदा होतं. डोळ्यांना झोंबलं तर हवा फार आधीपासून बिघडलेली आहे.

म्हणून खुराड्याला फट हवी, आणि ती वर हवी. उबदार ओली हवा वर चढते; छपराच्या लगेच खाली, दोन्ही लांब भिंतींना चार बोटं उंचीची सलग फट ठेवली की ती आपसूक बाहेर पडते. दहा कोंबड्यांच्या रात्रीच्या निवाऱ्याला ४ फूट बाय ५ फूट जागा पुरते, म्हणजे कोंबडीमागे २ चौरस फूट. अशा खुराड्याला पाच-पाच फुटांच्या या दोन फटी बास होतात. त्यांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी ठोकायची. नेहमीच्या मोठ्या छिद्रांच्या कोंबडजाळीतून मुंगसाचं पिल्लू, साप आणि उंदीर येतात, आणि रानमांजर पंजा घालून बसल्या जागेवरची कोंबडी ओढतं.

झोत मात्र चालत नाही. वरून जाणारी हवा वेगळी आणि कोंबडीच्या अंगावर येणारा वारा वेगळा. वारा पिसं उचकटतो आणि आतला ऊबदार थर उडवून नेतो. हिवाळ्यात इथला वारा बहुतेक उत्तरेकडून, ईशान्येकडून येतो. त्या बाजूची भिंत जमिनीपासून कोंबडीच्या डोक्याच्या वर वीतभरापर्यंत घट्ट असावी. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) किंवा तुरीच्या काड्यांचा कूड करून शेणमातीनं लिंपला तर प्लास्टिकपेक्षा कितीतरी चांगला, कारण तो ओल शोषतो आणि दिवसा सोडून देतो. रावेर-यावलकडे केळीची वाळकी पानं हवी तेवढी मिळतात. ती कुडाला बाहेरून बांधायला ठीक, आत अंथरायला नको. ती ओल धरतात आणि बुरशी येते.

गोणपाटाचा पडदा लावायचा असेल तर तो खालून पक्का बांधायचा आणि वरून उघडता येईल असा ठेवायचा. आपल्या सवयीचा पडदा उलटा असतो, वर अडकवलेला आणि खालून उचलायचा. घराच्या खिडकीला ते बरोबर. खुराड्याला तसा लावला तर जरा सैल झाला की वारा थेट कोंबडीच्या पायांवर येतो आणि वरची कोंडलेली हवा तिथेच राहते. मोठ्या पोल्ट्री शेडमध्येही पडदे खालूनच बांधलेले असतात.

झोत आहे की नाही हे अगरबत्ती सांगते. कोंबड्या आत जाण्याआधी, वारा असलेल्या संध्याकाळी, बसायच्या दांडीच्या उंचीवर ती धरायची. धूर हळूहळू वर जाऊन फटीतून निघाला तर काम जमलं. आडवा पळाला तर ज्या बाजूनं ढकलला गेला तिथे भोक आहे, ते बुजवा. धूर तिथेच घोटाळत राहिला तर वरची फट कमी पडते आहे. पाच मिनिटांची ही परीक्षा प्रत्येक हिवाळ्याच्या तोंडाशी करावी, कारण उन्हाळ्या-पावसाळ्यात कूड कुठेतरी उचकटलेला असतोच.

पत्र्याचं खुराडं असेल तर आणखी एक भानगड. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतो, आणि आतली वाफ त्याच्या खालच्या अंगाला लागून थेंब धरते. पहाटे हे थेंब थेट कोंबड्यांच्या पाठीवर पडतात. माणसं पत्रा गळतो म्हणून वरून डांबर लावतात. गळती मात्र आतूनच असते. पत्र्यावर चारेक बोटं कडबा किंवा पऱ्हाटी पसरून बांधली की थेंब थांबतात. हाच थर एप्रिल-मेमध्ये कोंबड्यांचा जीव वाचवतो, त्यामुळे तो काढायचाच नाही.

दार दक्षिणेला असलं तर हिवाळ्याचं अर्धं काम सूर्य करतो. जळगाव २१ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी बाराला सूर्य दक्षिणेला जेमतेम ४५ अंशांवर असतो. म्हणजे ३ फूट उंचीची दक्षिण बाजू उघडी असेल तर ऊन ३ फूट आत येतं आणि गादी वाळवून जातं. मेच्या अखेरीस तोच सूर्य डोक्यावर असतो आणि त्याच दारातून जवळजवळ आत येत नाही. एकाच दिशेचे दोन्ही ऋतूंत फायदे, आणि खर्च शून्य.

गादी ४ ते ६ इंच जाड हवी. नवापूरकडे भाताचं तूस मिळतं, इतरत्र भुईमुगाची टरफलं, लाकडाचा भुसा, गव्हाचा भुसा. कोरडं आणि बुरशीचा वास नसलेलं, एवढी अट. भुश्यातली बुरशी पिलांच्या फुफ्फुसात जाऊन तिथे वाढते आणि त्यावर धड औषध नाही. आठवड्यातून दोनदा गादी दाताळ्यानं खालवर करायची, दुपारी, कोंबड्या बाहेर असताना. मूठभर घेऊन दाबून पाहावं: गोळा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त, हात उघडताच विस्कटला तर बरोबर, आणि नुसती धूळ उडाली तर फार कोरडी. ओली झालेली जागा, बहुतेक पाण्याच्या भांड्याभोवतीची, उचलून टाकायची आणि नवीन भरायची. गादीवर राख टाकण्याची पद्धत आहे, ती मात्र सोडावी. राख क्षारयुक्त असते आणि ओल्या विष्ठेत मिसळली की अमोनिया जास्तच सुटतो.

राखेची खरी जागा कोंबड्यांच्या धूळन्हाणात. आणि खान्देशात हिवाळ्यात राखेला काय तोटा! बामणोदची वांगी बाजारात आली की वावरात पऱ्हाटीच्या जाळावर भरीत होतं, कळण्याची भाकरी होते, आणि सकाळी तिथे पांढरी मऊ राख उरते. ती चाळून, पूर्ण थंड झाल्यावर, एक भाग राखेला दोन भाग बारीक कोरडी माती, आणि सावलीत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा मूठभर. दीड-दोन फूट रुंद, वीतभर खोल जुनी पाटी किंवा टायर, वर आडोसा. भिजली की राख कातडीला झोंबते, म्हणून आडोसा लागतोच. थंडीत कोंबड्या एकमेकींना चिकटून बसतात आणि उवा-गोचिडांना एकीकडून दुसरीकडे जायला रस्ता मिळतो. पंधरा दिवसांतून एकदा रात्री टॉर्च घेऊन पंखाखाली आणि गुदद्वाराभोवतीची पिसं फुंकून पाहा. बांबूच्या पेरांत आणि सांध्यांत लाल गोचीड दिवसभर लपून बसते आणि रात्री रक्त पिते. दांडीवरून पांढरं फडकं फिरवलं आणि त्यावर लाल ठिपके उमटले तर दांड्या काढून उकळतं पाणी ओतायचं आणि उन्हात टाकायच्या.

दांडीबद्दल दोनच गोष्टी. लोखंडी पाइप नको, तो पायांतली ऊब खेचतो. आणि रुंदी दोन इंच, वरची बाजू सपाट, म्हणजे बसल्यावर पोटाची पिसं बोटांवर येतात आणि पाय झाकले जातात. कोंबडीमागे ८-१० इंच जागा पुरे.

तुऱ्याला तेल चोळण्याविषयी बरंच सांगितलं जातं. तुरा गारठून काळा पडणं हे शून्याखालच्या मुलखातलं दुखणं आहे. सपाटीवरच्या धुळे-जळगावात त्याची काळजी करू नये. पहाटे तुरा थोडा निळसर दिसला आणि उन्हात आल्यावर लाल झाला तर ठीक. दुपारपर्यंत निळा राहिला तर ते दुखणं आहे, हवामान नव्हे. उघड्या मानेच्या जातीला पिसं मुळातच कमी असतात, तिला दोन धडधाकट कोंबड्यांच्या मध्ये, आतल्या दांडीवर जागा मिळते आहे ना, एवढं पाहावं.

खाण्याचं गणित संध्याकाळी असतं. मोठ्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. मोकळी फिरणारी निम्म्याच्या आसपास स्वतः मिळवते, पण हिवाळ्यात वावरं कोरडी होतात, किडे कमी, दिवस लहान, आणि अंगाची ऊब टिकवायला गरज मात्र जास्त. सूर्यास्ताच्या तासभर आधी कोंबडीमागे ३०-४० ग्रॅम भरडलेला मका, बाजरी किंवा दादर (रब्बीची ज्वारी) टाकावी. दाणा गळ्याखालच्या थैलीत साठतो, रात्रभर थोडा थोडा पोटात उतरतो, आणि पचताना ऊब देतो. आत गेल्यावर थैली चाचपून पाहिली तर भरलेली, घट्ट लागायला हवी. रिकाम्या थैलीची कोंबडी पहाटेपर्यंत थंड पडते, आणि ती बहुधा कळपातली सगळ्यात दबलेली असते. तिला दाणा बाजूला टाकावा. नुसत्या दाण्यावर भागत नाही. याच दिवसांत पुष्कळ कोंबड्या पिसं झाडतात, आणि पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. सोयाबीनची पेंड, डाळीची चुणी, सुकटीचा चुरा यांतलं काहीतरी रोज हवं. मेथी, लसूणघास या दिवसांत मुबलक असतो, तो जुडी बांधून टांगावा.

इथे तीन धोके खास खान्देशाचे आहेत. पहिला सरकीच्या पेंडीचा. गोठ्यात असते म्हणून ती कोंबड्यांपुढेही जाते. सरकीतलं गॉसिपॉल म्हशीला पचतं, कोंबडीला पचत नाही: वाढ खुंटते, अंडी कमी होतात, आणि ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-मळकट होतो. दुसरा धोका अर्धओल्या मक्याचा. खरिपाचा मका खळ्यावरून नीट न वाळवता कोठीत भरला की बुरशी चढते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते भाजून, उकळून जात नाही, आणि यकृत खातं. कणसाच्या टोकाला हिरवी-काळी झाक असलेला मका कोंबड्यांसाठी बाजूला काढण्याची रीत सगळीकडे आहे. तोच तेवढा त्यांना द्यायचा नसतो. तिसरा रब्बीच्या पेरणीचा. हरभरा, गहू यांचं बियाणं औषध चोळून रंगवलेलं असतं. सांडलेली मूठभर पुरते. पेरणीच्या आठवड्यात कोंबड्या त्या वावरात सोडू नयेत, आणि उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या टाकल्या असतील तर मेलेला उंदीरही उचलावा.

पाण्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. कोंबडी जेवढं खाते त्याच्या दुप्पट पिते, पण पहाटेचं गार पाणी ती चोच बुडवून सोडून देते. पाणी कमी झालं की खाणं कमी होतं आणि चार दिवसांनी अंडी. उन्हाळ्यात वापरलेलं मातीचं परळ हिवाळ्यात चुकीचं, कारण ते पाझरून पाणी गार करतं. प्लास्टिकचं किंवा स्टीलचं भांडं घ्यावं. रात्री ते रिकामं करून ठेवावं, सकाळी बोटाला कोमट लागेल असं पाणी भरावं आणि दुपारी एकदा बदलावं.

अंडी कमी होण्याचं मुख्य कारण थंडी नसून उजेड आहे. डिसेंबरच्या अखेरीस इथे दिवस अकरा तासांहून थोडा लहान असतो आणि भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. गावठी कोंबडी असेल तर तिला तिची विश्रांती घेऊ द्यावी. वर्षाला साठ-सत्तर अंडी देणारी ती, पिसं बदलून संक्रांतीनंतर पुन्हा लागते. वनराजा, ग्रामप्रिया अशा सुधारित कोंबड्या अंड्यांच्या विक्रीसाठी पाळल्या असतील तर दिवा लावणं पटण्यासारखं आहे. ९ वॅटचा एक एलईडी पुरतो, पण पहाटे लावायचा, संध्याकाळी नाही. संध्याकाळी दिवा एकदम बंद झाला की कोंबड्यांना काही दिसत नाही आणि ज्या खाली असतात त्या रात्रभर खालीच राहतात. सुरुवात सूर्योदयाआधी अर्ध्या तासानं, मग दर आठवड्याला अर्धा तास वाढवत पहाटे ४ पर्यंत. एकदा सुरू केला की फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत चुकवायचा नाही. मध्येच बंद केला तर पिसगळ सुरू होते.

पिलांची गोष्ट निराळी. त्यांना पिसं नसतात, लव असते, आणि त्यांना थंडी खरोखर मारते. जुनी माणसं खुडूक कोंबडी दसऱ्याला बसवतात आणि त्यात पक्का हिशेब आहे. दसरा ते दिवाळीचा पाडवा एकवीस दिवस. अंडं उबायलाही एकवीस. पाडव्याला फुटलेली पिलं सहा आठवड्यांत अंगभर पिसं घेतात आणि पाडव्यापासून सहा आठवडे मोजले की दत्तजयंती येते, म्हणजे सारंगखेड्याची यात्रा भरते तेव्हा पिलं थंडीला तयार. तिथीत एक-दोन दिवस मागेपुढे, पण हिशेब चुकत नाही. ही वेळ हुकली तर डिसेंबरात पिलं काढण्याऐवजी संक्रांतीला कोंबडी बसवावी: फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पिलं, आणि मेच्या उन्हापर्यंत ती तीन महिन्यांची. कडक थंडीत एका कोंबडीखाली ८-१० अंडी, जास्त नाही. कडेची अंडी पंखाबाहेर राहतात, आणि कडेची अंडी रोज बदलत असल्यामुळे एकेक करून सगळीच गारठतात.

विकत आणलेल्या २५ पिलांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी. पिलामागे २ वॅट धरले तर ६० वॅटचा एक पिवळा बल्ब. पिवळाच, कारण घरात सगळीकडे एलईडी झाल्यापासून पिलांवरही तोच टांगला जातो. तो उजेड देतो, ऊब देत नाही, आणि सकाळी पिलं एकमेकांखाली चेंगरून मेलेली सापडतात. बल्ब फूट-दीड फूट उंच, दोरीबरोबर साखळीनंही बांधलेला, भोवती जाळीचा पिंजरा, कारण खाली कोरडा भुसा आहे. तापमापी नसली तरी पिलं सांगतात: बल्बखाली गोळा झाली तर गार, लांब पळून चोची उघडल्या तर गरम, एका बाजूला सरकली तर दुसरीकडून झोत, सगळीकडे पसरून खात-झोपत असली तर बरोबर. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. कोळशाचं घमेलं बंद जागेत कधीच नको. धूर दिसतो, त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही.

लसीचा विषय हिवाळ्याआधीच संपवायचा असतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हिवाळा संपता संपता अख्खं खुराडं रिकामं करते: हिरवी हगवण, धाप, वळलेली मान, तीन-चार दिवसांत सगळं. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा डोळ्यात एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात पंखाखाली कातडीत आर-टू-बी अर्धा मिलीलिटर. लस २ ते ८ अंशांत, बर्फावर आणायची आणि पातळ केल्यावर दोन तासांत संपवायची. कुपी शंभर-दोनशे मात्रांची असते, म्हणून गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून, संध्याकाळी कोंबड्या आत गेल्यावर एकदम टोचून घेणं परवडतं. आजारी कोंबडीला लस देऊ नये. देवीची लसही सहा-आठ आठवड्यांची असताना पंखाच्या पडद्यात टोचतात. देवी डासांमार्फत पसरते आणि हिवाळ्यात तुऱ्यावरच्या खपल्यांना 'थंडीनं फुटलं' असं समजलं जातं. लाल पोटॅशच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या) फिक्या पाण्यानं त्या पुसाव्यात, ओढून काढू नयेत. हळद-लसूण द्यायला हरकत नाही, पण त्यानं मानमोडी थांबत नाही हे स्पष्ट सांगायला हवं.

बाजारातून, यात्रेतून आणलेली किंवा पाहुण्यांनी दिलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी, वेगळ्या भांड्यांत, आणि तिचं काम सगळ्यात शेवटी. नवापूरनं हे फार महाग शिकलेलं आहे. २००६ च्या फेब्रुवारीत देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो तिथे, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा. थंडीत हा विषाणू विष्ठेत, पाण्यात जास्त दिवस जगतो. एका-दोन दिवसांत काही न कळता कोंबड्या पटापट मेल्या तर हात लावू नये, नाल्यात फेकू नये, विकू तर मुळीच नये. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.

सगळ्यात वाईट रात्र कोरड्या ५ अंशांची नसते. ती मावठ्याची असते. जानेवारीत आभाळ येतं, दुपारी गारा-पाऊस, आणि संध्याकाळी आभाळ फाटून कडक हिव. ज्या कोंबड्या झाडावर बसतात किंवा कुडाबाहेर भिजल्या, त्यांना तसंच आत ढकलू नये. फडक्यानं पिसांच्या दिशेनं पुसून, डालग्याखाली कोरड्या भुश्यावर, चुलीपासून चार हातांवर, दोन तास ठेवावं, कोमट पाणी आणि भरडा द्यावा, आणि पूर्ण वाळल्यावरच दांडीवर सोडावं. वाऱ्याच्या बाजूचा पडदा त्या रात्री पूर्ण वर ओढून बंद, वरची फट मात्र तशीच उघडी.

होळीच्या आसपास पडदे उतरवायचे, पण एकदम नाही: आधी दुपारी, मग संध्याकाळपर्यंत, आठवड्याभरात पूर्ण. गादी काढून बांधावर ढीग करावा आणि पावसाळ्याआधी वावरात पसरावी. ताजी टाकली तर रोपं जळतात. गोणपाट धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवून, घडी घालून वर टांगून ठेवावं. मेमध्ये ते पश्चिमेच्या बाजूला लागतं, पाण्यात भिजवून.